कारखाना, गोदाम, ऑफिससाठी एनव्हीआर निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे एनव्हीआर (नेटवर्क व्हिडिओ रेकॉर्डर) यांची कामं करताना पर्चेस विभाग, प्लांट हेड, सिक्युरिटी ऑफिसर आणि आयटीवाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. हिशोबासाठी उदाहरण सगळीकडे एकच आहे : ४८ कॅमेऱ्यांचा, तीन पाळ्यांत चालणारा मध्यम कारखाना. तुमचे कॅमेरे २० असोत की ९०, आकडे बदला, पद्धत तीच राहील.

डीव्हीआर आणि एनव्हीआर यांत फरक काय?

डीव्हीआरला (डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डरला) कोॲक्सियल केबलवरून ॲनालॉग सिग्नल येतो आणि त्याचा डिजिटल व्हिडिओ डीव्हीआरमध्ये तयार होतो. एनव्हीआरला आयपी कॅमेरा तयार व्हिडिओच नेटवर्कवरून पाठवतो. तो घेणं, साठवणं आणि मागाल तेव्हा शोधून देणं एवढंच एनव्हीआरचं काम. नवीन बांधकाम असेल तर एनव्हीआरच घ्या. जुनी कोॲक्स चांगल्या स्थितीत असेल आणि बजेट अडत असेल, तर दोन्ही प्रकारचे कॅमेरे घेणारा हायब्रिड रेकॉर्डर दोन-तीन वर्षं निभावून नेतो.

निवड कुठून सुरू करायची? किती चॅनेल (म्हणजे किती कॅमेरे जोडता येतील) हवेत इथून ना?

नाही. जवळजवळ प्रत्येक चौकशी "४८ कॅमेरे आहेत, ६४ चॅनेलचा एनव्हीआर कितीला?" अशी येते, आणि मी आधी दुसराच प्रश्न विचारतो : काही गडबड झाली, तर ती तुमच्या लक्षात यायला जास्तीत जास्त किती दिवस लागतात?

समजा, महिन्याच्या २ तारखेला स्टोअरमधून एक खोका बाहेर गेला. स्टॉक मोजणी महिनाअखेरीला. तफावतीचा कागद अकाउंट्समधून वर जायला आणखी आठवडा. मग मीटिंग, मग "जरा कॅमेरे बघा". तोवर पुढच्या महिन्याची १० तारीख उजाडलेली असते. ३० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवलं असेल, तर नेमका तो दिवस पुसला गेलेला असतो. रेकॉर्डरने काहीही चूक केलेली नसते, दिवस ठरवताना कुणी स्टोअरकीपरला विचारलेलं नसतं. म्हणून महिन्याला मोजणी असलेल्या ठिकाणी मी ४५ दिवसांच्या खाली येत नाही.

काही ठिकाणी दिवस तुमच्या हातात नसतात. बँकेच्या लॉकरच्या खोलीत जा-ये करणाऱ्यांचं फुटेज किमान १८० दिवस ठेवायला रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या सूचनांत सांगितलं आहे. पोलीस ठाण्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये १८ महिने सांगितले, आणि तेवढी क्षमता मिळत नसेल तरी एक वर्षाच्या खाली नाही. तुमच्या क्षेत्राचा नियम, विमा कंपनीची अट आणि ग्राहकाशी झालेला करार, हे तीन कागद दिवस ठरवण्याआधी बघा.

सगळ्या कॅमेऱ्यांना सारखे दिवस हवेत असंही नाही. गेट, वजनकाटा आणि डिस्पॅच ९० दिवस, पार्किंग ३० दिवस, असं करता येतं. मात्र कॅमेऱ्यागणिक वेगवेगळे दिवस ठेवायची सोय त्या मॉडेलमध्ये आहे का, हे लेखी घ्या.

मग किती टीबी लागतील?

हा हिशोब स्वतः करून बघा, दुकानदाराच्या मोबाइल ॲपवर सोडू नका. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, सेकंदाला १५ फ्रेम, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत), सतत हालचाल असलेला शॉपफ्लोअर : मी सेकंदाला ४ मेगाबिट धरतो, हात थोडा सैल ठेवून. दिवसात ८६,४०० सेकंद. गुणाकार करून ८ ने भागलं की कॅमेऱ्यामागे दिवसाला ४३.२ जीबी येतात. ४८ कॅमेऱ्यांचे दिवसाला २.०७ टीबी. ४५ दिवसांचे ९३.३ टीबी.

कोटेशनमध्ये "२ × १० टीबी" लिहिलेलं असेल, तर ही सिस्टीम साडेनऊ दिवसांची आहे. असे कागद मी अनेकदा पाहिले आहेत, आणि त्यावर "३० डेज बॅकअप" असंही लिहिलेलं असतं.

तेवढे दिवस बसवायला काही जण सेकंदाला ४ मेगाबिटचे १ करून ठेवतात. मग चेहरा हलला की चौकोन चौकोन होतात आणि गाडीचा नंबर वाचता येत नाही. १५ ऐवजी १२ फ्रेम चालतील, पण बिटरेट इतका खाली ओढू नका. हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड करण्याचा पर्याय रात्री बंद असलेल्या गोडाऊनला ठीक आहे. गेटला आणि कॅश काउंटरला चोवीस तासच हवं.

१० टीबीची डिस्क लावली, एनव्हीआर ९ दाखवतो. फसवलं का?

नाही. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, यंत्र १०२४ च्या. १० टीबी तिथे ९.०९ दिसतात. वरचा हिशोब १००० च्या पटीतलाच आहे, त्यामुळे त्यातून वेगळं काही वजा करायचं नाही.

साध्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क चालेल का?

चालू होईल, टिकणार नाही. कॉम्प्युटरची डिस्क दिवसातून काही तास काम करण्यासाठी बनवलेली असते. एनव्हीआरमधली डिस्क रात्रंदिवस लिहीत असते, शेजारच्या सात डिस्कांची थरथर सोसत असते. डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक या मालिका त्यासाठीच आहेत : त्यांच्या साध्या मालिकेला वर्षाला १८० टीबीचं काम मान्य आहे, वरच्या मालिकेला ५५० टीबीचं. बिलावर डिस्कचे सिरियल नंबर घ्या आणि वॉरंटी कंपनीच्या साइटवर तपासा. पांढऱ्या स्टिकरच्या, कुठून तरी काढून आणलेल्या डिस्का बाजारात फिरतात.

रेड ५ घ्यावा की रेड ६?

रेड म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडून, एखादी गेली तरी डेटा वाचावा अशी रचना. आठ डिस्कांच्या एनव्हीआरला रेड ६. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो, रेड ६ मध्ये दोन गेल्या तरी. त्याबदल्यात दोन डिस्कांइतकी जागा जाते, आणि पर्चेसचे लोक इथेच अडतात.

पण एक डिस्क गेल्यावर काय होतं ते पाहा. नवीन १० टीबीची डिस्क घातली की बाकीच्या सगळ्या वाचून तिच्यावर माहिती पुन्हा लिहावी लागते. सेकंदाला १५० मेगाबाइटने लिहिलं तरी नुसत्या लिहिण्याला १८ तास लागतात, आणि तेव्हाही रेकॉर्डिंग चालूच असतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त. एकाच दिवशी, एकाच लॉटमधून घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या बाकीच्या डिस्कांवर हा सगळ्यात मोठा ताण असतो. दुसरी डिस्क जायची शक्यता त्याच दिवसांत जास्त.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हेही लक्षात घ्या. आग, पाणी, किंवा कुणी अख्खा एनव्हीआरच उचलून नेला, तर रेड काही करू शकत नाही. महत्त्वाच्या चार-सहा कॅमेऱ्यांची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवा.

एक मोठा एनव्हीआर बरा की दोन लहान?

४८ कॅमेऱ्यांना मी ३२ चॅनेलचे दोन एनव्हीआर लावतो. प्रत्येकी २४ कॅमेरे, ४५ दिवसांचे ४६.७ टीबी. आठ डिस्का १० टीबीच्या, रेड ६ मध्ये वापरायला ६० टीबी. आणखी पाच-सहा कॅमेरे वाढले तरी जागा आहे.

कॅमेरे वाटताना मात्र "उत्तरेचे यात, दक्षिणेचे त्यात" असं करू नका. मुख्य गेटवर दोन कॅमेरे असतील तर एक पहिल्या एनव्हीआरवर आणि दुसरा दुसऱ्यावर. डिस्पॅचचंही तसंच. एक यंत्र बंद पडलं तर प्रत्येक जागा निम्मी का होईना, दिसत राहते. याला एक पैसाही जास्त लागत नाही, फक्त ड्रॉइंग करताना अर्धा तास विचार लागतो.

६४ चॅनेल लिहिलंय, मग ४८ कॅमेरे चालणारच ना?

डेटाशीटमध्ये "इनकमिंग बँडविड्थ", म्हणजे यंत्र एकूण किती डेटा आत घेऊ शकतं, हा आकडा शोधा. ४८ कॅमेरे गुणिले ४, म्हणजे १९२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). लाइव्ह बघण्यासाठीची हलकी सब-स्ट्रीम प्रत्येकी अर्धा धरली तर आणखी २४. एकूण २१६. ६४ चॅनेलचा एनव्हीआर १६० एमबीपीएसचा असेल, तर चॅनेल उरतील आणि रस्ता पुरणार नाही. मग कुठला तरी कॅमेरा अधूनमधून गायब होतो, आणि दोष बिचाऱ्या केबलवाल्याला जातो.

आणखी एक ओळ बारीक अक्षरात असते : काही मॉडेलांत रेड चालू केला की हा आकडा बराच खाली येतो. रेड चालू असतानाचाच आकडा मागा.

एनव्हीआरला जोडलेल्या टीव्हीवर सगळे कॅमेरे स्पष्ट का दिसत नाहीत?

रेकॉर्ड करणं वेगळं, उलगडून पडद्यावर दाखवणं वेगळं. दुसऱ्याची क्षमता बरीच कमी असते. कंट्रोल रूममध्ये मोठी व्हिडिओ वॉल हवी असेल तर तिच्यासाठी वेगळा डिकोडर किंवा वर्कस्टेशन धरा.

एच.२६५ आणि त्याची "प्लस" आवृत्ती, कोणती वापरावी?

साधं एच.२६५ सगळीकडे. कंपन्यांच्या "प्लस", "स्मार्ट" आवृत्त्या स्थिर दृश्यात जागा छान वाचवतात, पण दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरवर कधी कधी प्लेबॅक अडखळतो. आणि त्यांचा फायदा गृहीत धरून डिस्का कमी घेऊ नका. दसऱ्याच्या खंडेनवमीला मशीन बंद असतात तेव्हा फायदा दिसतो. मार्चएंडला तिन्ही पाळ्या धावत असतात तेव्हा तो उडून जातो.

कॅमेरा एका कंपनीचा, एनव्हीआर दुसऱ्या कंपनीचा, जमेल का?

जमेल, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जुळावीत म्हणून ऑनव्हिफ या संघटनेने केलेलं मानक दोन्ही पाळत असतील तर. ही संघटना २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून सुरू केली. पण "ऑनव्हिफ सपोर्टेड" एवढ्यावर थांबू नका, प्रोफाइल विचारा. एस म्हणजे मूळ व्हिडिओ, टी मध्ये एच.२६५ येतं, जी रेकॉर्डिंगसाठी, एम कॅमेऱ्यातल्या विश्लेषणाच्या माहितीसाठी. ऑर्डर देण्याआधी एक कॅमेरा आणि एक एनव्हीआर तुमच्या टेबलावर आठवडाभर जोडून ठेवा.

मागे पीओई पोर्ट असलेला एनव्हीआर घ्यावा का?

पीओई म्हणजे लॅन केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज. दुकानाला, दवाखान्याला छान. कारखान्याला नको. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. शेडच्या टोकाचा कॅमेरा ३०० मीटरवर असतो, म्हणून जागोजागी पीओई स्विच आणि तिथून फायबर हीच रचना लागते. स्विच मॅनेज्ड असावा, म्हणजे अडकलेला कॅमेरा शिडी न लावता खुर्चीतून बंद-चालू करता येतो. फिरत्या पीटीझेड कॅमेऱ्याला १५.४ वॅटचा साधा पीओई पुरेलच असं नाही, ३० वॅटचा पोर्ट धरा.

डिस्क बंद पडली तर कळणार कसं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

चाकणजवळच्या एका गोदामातून तांब्याच्या पट्ट्या गेल्या, तेव्हा फुटेज काढायला मला बोलावलं. एनव्हीआर सिक्युरिटी केबिनमधल्या लाकडी कपाटात होता, वर गार्डचा डबा आणि हजेरीचा रजिस्टर. यंत्राला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. स्क्रीनवर सोळाही चौकोन झकास चालू. प्लेबॅक उघडला आणि टाइमलाइन पांढरी. आदला दिवस पांढरा, त्याच्या आदला पांढरा. निळी पट्टी १९ दिवसांपूर्वी संपलेली. मेन्यूत पाहिलं तर डिस्कच्या बिघाडाचा भोंगा बंद केलेला. गार्डमामा सरळपणे म्हणाले, "साहेब, ते रात्रभर किंचाळायचं. मागच्या माणसाने बंद करून दिलं." त्यांची काय चूक? ते काय ओरडतंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी लाइव्ह चित्र बघून कुणालाही "सिस्टीम ठीक आहे" म्हणत नाही. डिस्क बिघडली, रेकॉर्डिंग थांबलं, कॅमेरा तुटला, या तिन्ही सूचना किमान दोन माणसांच्या ईमेलवर जाव्यात, त्यातला एक आयटीतला. भोंगा चालूच राहावा. आणि सिक्युरिटी ऑफिसरने रोज पाळी बदलताना तीन कॅमेऱ्यांचं कालचं फुटेज एक मिनिट चालवून रजिस्टरला सही करावी. एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारातही "व्हिजिट" हा शब्द पुरेसा नाही, "प्रत्येक कॅमेऱ्याचा प्लेबॅक तपासणे" असं लिहून घ्या.

एनव्हीआर ठेवायचा कुठे?

सर्व्हर रूममध्ये, कुलूपबंद रॅकमध्ये, एसीखाली. गेटच्या केबिनमध्ये फक्त बघायचा मॉनिटर. यूपीएसचा हिशोब करताना फक्त एनव्हीआर धरू नका. ४८ कॅमेऱ्यांचे ८ वॅट प्रमाणे ३८४ वॅट, वर स्विच आणि दोन एनव्हीआर, मिळून साधारण ७०० वॅट होतात. शेडमध्ये जागोजागी लावलेल्या फील्ड स्विचलाही यूपीएस लागतो, नाहीतर गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की एनव्हीआर चालू आणि कॅमेरे बंद. पावसाळ्याआधी बाहेरच्या खांबांचं अर्थिंग तपासा.

घड्याळ दोन-चार मिनिटं पुढे-मागे असलं तर बिघडतं का?

बिघडतं. गेट पासची वेळ, पंचिंग मशीनची वेळ आणि फुटेजची वेळ जुळली नाही तर चौकशी तिथेच अडते. बऱ्याच यंत्रांत कारखान्यातूनच चीनचा टाइम झोन येतो आणि वेळ अडीच तास पुढे दिसते. भारताचा साडेपाच तासांचा झोन लावा, डेलाइट सेव्हिंग बंद करा आणि एनटीपी (नेटवर्कवरून वेळ आपोआप जुळवायची सोय) चालू करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळती ठेवायला सांगितलं आहे.

पोलिसांनी किंवा कोर्टाने फुटेज मागितलं तर?

पोलीस सहसा "डीव्हीआर द्या" म्हणतात, यंत्र कोणतंही असो. आठ डिस्कांचा रेड असलेला अख्खा एनव्हीआर गेला तर तुमचं पुढचं रेकॉर्डिंगही बंद. म्हणून नेमक्या वेळेचं फुटेज व्यवस्थित काढून देता येणं, ही खरेदीच्या वेळचीच अट ठेवा.

या विषयातला महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवर येऊन ठेपलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणलं नसेल, तर प्रतीसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून त्या तरतुदीच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. त्याचं प्रमाणपत्र दोन भागांत असतं, एक देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल नंतर बदललेली नाही हे तपासता येणारा, तिच्यातूनच काढलेला आकडा) भरावी लागते.

म्हणून एनव्हीआर घेताना बघा : मूळ स्वरूपात फुटेज निघतं का, सोबत त्याचा प्लेअर येतो का, कोणी कधी काय काढलं याची नोंद राहते का. फुटेज काढल्याबरोबर कॉम्प्युटरवर त्याची हॅश काढून कागदावर लिहा. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, त्यातलीच सर्टयूटिल ही कमांड पुरते. ती मूळ क्लिप एनव्हीआरवर लॉक करा, नाहीतर ४५व्या दिवशी तीही पुसली जाईल. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ चर्चेपुरता ठीक आहे, पुराव्याला नाही.

मोबाइलवर घरून बघता येईल ना? धोका काय?

येईल, पण राउटरवर पोर्ट उघडून नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कंपनीचाच पासवर्ड तसाच ठेवलेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर मोठमोठ्या सेवा पाडल्या. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) ठेवा, त्यांना बाहेरच्या इंटरनेटची वाट देऊ नका, बाहेरून यायचं तर कंपनीच्या व्हीपीएनने (सुरक्षित खासगी जोडणीने). प्रत्येकाला स्वतःचा युजर. "ॲडमिन" चा पासवर्ड इन्स्टॉलरकडे राहू नये.

सरकारी प्रमाणपत्राचं काय?

एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या नव्या अटींची चाचणी आणि नोंदणी आवश्यक आहे. मॉडेल नंबर घालून प्रमाणपत्र मागा, "आमच्या ब्रँडला आहे" यावर समाधान मानू नका. तुमची मूळ कंपनी किंवा ग्राहक अमेरिकन सरकारला माल पुरवत असेल, तर तिथल्या कायद्याचं कलम ८८९ हिकव्हिजन, दाहुआसह काही चिनी कंपन्यांची उपकरणं वापरण्यावर बंधन घालतं. अशा प्लांटमध्ये ऑर्डरआधी मुख्यालयाच्या कम्प्लायन्स विभागाचं लेखी उत्तर घ्या.

एनव्हीआरऐवजी सर्व्हर आणि व्हीएमएस (व्हिडिओ मॅनेजमेंट) सॉफ्टवेअर कधी घ्यावं?

कॅमेरे शंभराच्या पुढे, दोन-तीन प्लांट, ॲक्सेस कंट्रोल आणि फायर अलार्म एकाच पडद्यावर हवे, आणि ते सांभाळायला आयटीचा माणूस असेल, तेव्हा माइलस्टोन, जेनेटेकसारख्या व्हीएमएसचा विचार करा. माणूस नसेल तर चांगले एनव्हीआरच बरे.

शेवटचं बिल पास करण्याआधी काय तपासायचं?

चार गोष्टी, तुमच्या डोळ्यांदेखत. चालू एनव्हीआरमधून एक डिस्क ओढून काढायला सांगा : भोंगा वाजला पाहिजे, ईमेल आला पाहिजे, रेकॉर्डिंग चालू राहिलं पाहिजे. एका फील्ड स्विचची वीज दहा मिनिटं बंद करा : यूपीएसवर कॅमेरे टिकले पाहिजेत. रात्री दोनच्या सुमाराचं गेटचं फुटेज तुमच्या सिक्युरिटी ऑफिसरलाच काढायला लावा, इन्स्टॉलरला नाही. आणि बिलाची शेवटची रक्कम ४६व्या दिवसापर्यंत थांबवा. त्या दिवशी ४५ दिवसांपूर्वीचं फुटेज उघडलं, तर सही करा.